विसावा उद्यानातले स्मारक

नांदेडला येणारा यात्रेकरू सचखंड हुजूर साहिबला माथा टेकतो, गोदावरीचा घाट पाहतो आणि परतीची गाडी धरतो. माता गुजरीजी विसावा उद्यानाकडे तो क्वचितच वळतो. या बागेत मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. दरवर्षी 17 सप्टेंबरच्या सकाळी इथे पुष्पचक्र वाहतात, पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, झेंडा चढतो. लातूरचा सोहळा टाऊन हॉलच्या मैदानावर, तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी होतो.

लेकरांना घेऊन जायचे तर त्याच सकाळी जावे, आणि आदल्या रात्री त्यांना थोडे सांगून ठेवावे. 1947 च्या 15 ऑगस्टला देशात झेंडा फडकला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यातच राहिला. पुढचे तेरा महिने इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘रझाकारी’ म्हणूनच राहिले: लूट, जाळपोळ, खून, रातोरात सरहद्द ओलांडून वऱ्हाडात किंवा सोलापूरकडे निघालेली कुटुंबे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. बिलोली तालुक्यातले स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे त्याआधीच, 29 ऑक्टोबर 1946 ला अर्जापूरजवळ मारले गेले. अर्जापूरचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते. 30 जानेवारी 1948 ला क्रांतिकारकांनी उमरीची बँक लुटली आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. कंधारकडच्या कल्हाळीत आप्पासाहेब नाईक साथीदारांसह लढता लढता पडले. हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असे लिहिले, म्हणून ऑगस्टमध्ये त्यांचा जीव घेतला गेला. 13 सप्टेंबरला भारतीय फौज आत शिरली, 17 ला निजाम शरण आला. सरकारी कागदांत ते ‘ऑपरेशन पोलो’, आपल्याकडे ‘पोलीस ॲक्शन’.

स्मारकावरची गोष्ट इथे संपते. गावांतली संपली नव्हती.

त्या वर्षअखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे केंद्र सरकारच्या सांगण्यावरून संस्थानभर फिरले. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही नावे आहेत; लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. लातूरबद्दल ते लिहितात की कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या या बाजारपेठेत कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, आणि दहा हजारांच्या मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार त्यांना गावात सापडले. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. विसाव्यात जाणाऱ्या प्रत्येक आईबापाने तो वाचावा, असे मला मनापासून वाटते. पानसऱ्यांसमोर मान लवते ती यामुळे तसूभरही कमी लवत नाही.

मारल्या गेलेल्या प्रत्येकाची आठवण कशी जपावी, याचा एक नमुना परदेशात आहे. जेरुसलेमच्या टेकडीवर 1953 साली स्थापन झालेली ‘याद वाशेम’ ही संस्था नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंची स्मृती जपते. तिथले सगळ्यांत मोठे काम कागदाचे आहे. एका मृतासाठी एक पान: नाव, आईबापाचे नाव, गाव, धंदा, जमल्यास फोटो, खाली माहिती देणाऱ्याची सही. लढून मेलेला, रांगेत उभा करून मारलेला, पाळण्यातले मूल, सगळ्यांना पान एकच. अशी लाखो पाने दालनात कपाटांतून रचलेली आहेत. बाहेर, जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणाऱ्या परधर्मीयांचा वेगळा सन्मान आहे.

आपल्याकडे तसे पान कुणी भरून घेतले नाही. रझाकारांनी घरात शिरून मारलेल्या शेतकऱ्याचे नाही, कच्छी दुकानदाराचेही नाही. सुंदरलालांच्या अहवालात आणखी एक नोंद आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. त्यांची नावे लिहून घ्यायला हवीत. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची इतिहास शिकणारी मुले एखाद्या दिवाळीच्या सुटीत कंधार, बिलोली, औसा, निलंग्याच्या गावांत वही घेऊन बसली, तर कामाला सुरुवात होईल.