घाट, ओझें आणि डिझेल इंजिन

रावेर, यावल आणि सावदा हा जळगांव जिल्ह्यांतील केळीचा मुलूख. मळ्यांत घड कापला कीं त्या क्षणापासून त्याचे दिवस मोजकेच उरतात. एके काळीं बैलगाड्या हा माल सावदा-रावेरच्या रेल्वे स्थानकांपर्यंत पोंचवीत. आज मळ्याच्या बांधापासून पक्क्या सडकेवरील मोठ्या ट्रकपर्यंत तो नेण्याचें काम पिक-अप गाड्या आणि ट्रॅक्टर करतात. धुळें जिल्ह्यांत कापूस, मका व कांदा यांचीही हीच तऱ्हा आहे. त्यामुळें खानदेशांतील पुष्कळ घरांत, आणि ज्यांचें बिऱ्हाड शहरांत पण शेती गांवीं अशा घरांत तर विशेषच, एक प्रश्न वारंवार निघतो: जड ओझें ओढावयास कोणतें डिझेल इंजिन चांगलें?

उत्तरासाठीं बहुतेक जण अश्वशक्तीचा आंकडा पाहतात. त्या आंकड्यांत एक कोडें दडलेलें आहे. महिंद्र कंपनीच्या बोलेरो पिक-अपचें अडीच लिटरचें इंजिन सुमारें ७५ अश्वशक्तीचें. त्याच कंपनीचा ५७५ हा प्रसिद्ध ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा. तथापि दहा टनांची भरलेली ट्रॉली कोणी पिक-अपच्या मागें बांधीत नाहीं. ट्रॅक्टरच्या मागें मात्र ती रोज दिसते. घोडे कमी आणि ओढ अधिक, हें कसें?

हें समजण्यासाठीं आधीं इंजिनाचा स्वभाव पाहावा. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं १८९२ सालीं अर्ज केला, आणि १८९७ मध्यें ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी झालें. पेट्रोल इंजिनांत इंधन व हवा यांच्या मिश्रणास ठिणगी लावावी लागते. डिझेल इंजिनांत ठिणगीचें काम नाहीं. त्यांतील दट्ट्या निव्वळ हवेला तिच्या मूळ जागेच्या पंधराव्या ते विसाव्या हिश्शांत कोंडतो. त्या दाबानें हवा इतकी तापते, कीं तींत तेलाचा फवारा सोडतांच तो पेट घेतो. सायकलचा पंप भराभर मारला असतां त्याचें नळकांडें गरम होतें, तोच हा न्याय. एवढा दाब सोसावयाचा म्हणून डिझेल इंजिन जाडजूड बांधतात. तें फार वेगानें फिरत नाहीं. परंतु मंद गतींतही त्याचा जोर टिकून राहतो, आणि ओझें ओढणाऱ्यास हाच गुण हवा असतो.

या जोराला कारखान्यांत टॉर्क म्हणतात. टॉर्क म्हणजे आंसाला पीळ देण्याची ताकद. विहिरीचा रहाट फिरवितांना हातानें लावलेला जोर आणि आंसापासून मुठीचें अंतर यांचा गुणाकार केला म्हणजे टॉर्क मिळतो. बोलेरो पिक-अपचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारें २० किलोचें वजन लटकवावें, तेवढा. ऐकून नवल वाटेल, पण इंजिनाचा मूळ जोर इतकाच असतो. हा जोर मिनिटाला किती फेऱ्यांनिशीं मिळतो, हें जोडून पाहिलें कीं अश्वशक्ति निघते. ७५ किलोचें वजन एका सेकंदांत एक मीटर उचलणें, ही एक अश्वशक्ति.

आतां कोडें सोडवितां येतें. पिक-अप आपली ७५ अश्वशक्ति मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर देते, तर ट्रॅक्टर आपली ४५ अश्वशक्ति केवळ १९०० फेऱ्यांवर देतो. गणित केल्यास त्या त्या ठिकाणीं दोघांच्या आंसाचा टॉर्क १६५ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच येतो. खरा फरक गिअरमध्यें आहे. ट्रॅक्टरच्या मागल्या चाकाचा परीघ चार मीटर धरला, तर ताशीं १२ किलोमीटर वेगानें चालतांना चाकाच्या एका फेऱ्यामागें इंजिनाचे सुमारें ३८ फेरे होतात. पिक-अप ताशीं ३६ किलोमीटर वेगानें २००० फेऱ्यांवर चालली असतां हेंच प्रमाण सातांच्या जवळपास राहतें. फेरे जितक्या पटीनें कमी होतात, तितक्या पटीनें जोर वाढतो. मोटेवरचा बैल आणि टांग्याचा घोडा यांच्यांतील भेद असाच असतो: एकानें वेग सोडून ओढ घेतलेली असते, दुसऱ्यानें ओढ सोडून वेग.

चढावर याचा प्रत्यय येतो. वीस मीटर चाललें कीं एक मीटर वर नेणाऱ्या चढावर दहा टनांस मागें खेंचणारें बल ५०० किलो असतें. चाकांच्या घर्षणाचे सुमारें १५० किलो त्यांत मिळवावे. हे ६५० किलो ताशीं १२ किलोमीटर वेगानें ओढण्यास सुमारें २९ अश्वशक्ति पुरते, ताशीं १८ किलोमीटर वेगास ४३ लागते. म्हणजे ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तें ओझें वर नेईल, पण सावकाश. अश्वशक्ति चढावरचा वेग ठरविते. ओढ ठरते टॉर्क आणि गिअर यांवर. त्यांतही मागल्या चाकांवर पुरेसें वजन नसेल तर चाक जागच्या जागीं फिरतें आणि सारा जोर मातींत जातो. हलक्या पिक-अपला जड ट्रॉली न जोडण्याचें हेंही एक कारण आहे.

एकाच जातीच्या दोन गाड्यांची तुलना करतांनाही केवळ मोठा आंकडा पाहून भागत नाहीं. टाटा योद्धा पिक-अपचें इंजिन २.२ लिटरचें, म्हणजे बोलेरोच्या इंजिनाहून आकारानें लहान. तरी त्याची अश्वशक्ति १०० आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं तो कमाल टॉर्क १००० फेऱ्यांपासून २५०० फेऱ्यांपर्यंत मिळतो. बोलेरोचा १४०० पासून २२०० पर्यंत. ज्याचा पट्टा खालून सुरू होतो आणि रुंद असतो, त्या इंजिनाला ओझ्यासह जागेवरून निघतांना कष्ट कमी पडतात व चढावर वरचेवर गिअर बदलावा लागत नाहीं. लहान इंजिनांत एवढा जोर येतो तो टर्बोमुळें. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक पंखा फिरवून आंत अधिक हवा कोंबण्याची ही युक्ति. तिचें पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं घेतलें.

अमेरिकेंत हीच स्पर्धा फार मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील डॉज पिक-अपमध्यें १९८९ सालीं कमिन्स कंपनीचें ५.९ लिटरचें, एका रांगेंत सहा सिलिंडर असलेलें इंजिन बसविण्यांत आलें. त्याची अश्वशक्ति अवघी १६०, परंतु टॉर्क सुमारें ५४० न्यूटन-मीटर होता, आणि ओझें ओढणाऱ्यांनीं तें उचलून धरलें. याच कमिन्स कंपनीनें १९६२ सालीं किर्लोस्करांशीं भागी करून पुण्यांत कारखाना काढला होता. फोर्डच्या मोठ्या पिक-अपचें ६.७ लिटरचें, आठ सिलिंडरांचें इंजिन आज ५०० अश्वशक्ति व १६०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क देतें. तथापि हे आंकडे रुंद सडकांचे आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरांचे आहेत, हें विसरूं नये.

खानदेशांत आणखी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली उन्हाची. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तापलेली हवा विरळ होते. इंजिनास श्वास कमी मिळतो, आणि त्याच वेळीं रेडिएटरची उष्णता बाहेर टाकणें कठीण होतें. म्हणून टर्बोनें दाबलेली हवा आंत जाण्यापूर्वीं थंड करणारा इंटरकूलर असावा, आणि रेडिएटरच्या जाळींतील धूळ व कपाशीचे तंतू वेळच्या वेळीं काढावेत.

दुसरी गोष्ट घाटाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. चाळीसगांवाहून कन्नडकडे जातांना औट्रम घाट लागतो; शिरपूरच्या पुढें सेंधव्याकडे बिजासन घाट आहे. दहा टन ओझें ३०० मीटर खालीं उतरतांना जी उष्णता उत्पन्न होते, ती शंभर लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत नेईल. हा सारा ताप एकट्या ब्रेकनें सोसावा अशी अपेक्षा केली, तर ब्रेक तापून त्याची पकड जाते. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर ट्रक वाहनांस धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलांत घुसला, आणि किमान दहा माणसें प्राणांस मुकलीं.

उतारावर इंजिनानेंही ओझें धरावयास हवें. डिझेल इंजिनांत हवेची वाट रोखणारी पेट्रोल इंजिनासारखी झडप बहुधा नसल्यानें त्याचा हा विरोध मुळांत थोडा असतो; यासाठींच मोठ्या गाड्यांत धुराची वाट रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक बसवितात. तो नसेल तर खालचा गिअर हाच आधार होय. ज्या गिअरमध्यें घाट चढावा, त्याच गिअरमध्यें उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. डिझेल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडणें हा तर भ्रम आहे. गिअरमध्यें उतरणाऱ्या आधुनिक इंजिनाचा तेलाचा फवारा पाय काढतांच आपोआप बंद होतो. शेतीच्या पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि मग उतारावर ओझेंच ट्रॅक्टरला पुढें ढकलूं लागतें.

म्हणून गाडी घेतांना अश्वशक्तीबरोबर आणखी चार प्रश्न विचारावेत. कमाल टॉर्क किती फेऱ्यांपासून किती फेऱ्यांपर्यंत मिळतो? पहिला गिअर किती खालचा आहे? ओढणाऱ्या चाकांवर वजन किती पडतें? आणि भरलेली गाडी उतारावर कोण धरून ठेवणार? पहिल्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मनासारखीं आलीं, तरी चौथ्याचें उत्तर मिळाल्यावांचून ती गाडी ओझ्यासह घाटांत नेऊं नये.