तणाच्या पानातली एक खाच

माळशेज चढून ओतूरकडे निघालं की डिंगोरे लागतं. आमच्या लहानपणी इथलं तण बायकांच्या हाती होतं. पात धरून खुरपत जायच्या. घोळ आणि माठ भाजीला घरी, बाकीचं बांधावर. पुढे टोमॅटो वाढला, खुरपायला माणसं मिळेनात, आणि पाठीवर पंप आला. मेट्रिब्युझिन हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. ते ‘तणाचं औषध’.

ते औषध नेमकं कुठे लागतं, हे शास्त्रज्ञांनाही सावकाशच उमगलं. उन्हाच्या जोरावर पानात पाण्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते पुढे नेणारा हमाल म्हणजे प्लास्टोक्विनोन. डी-१ नावाच्या प्रथिनातल्या खाचेत तो टेकतो, दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि निघतो; त्याच्या जागी दुसरा येतो. डायुरॉन नावाचं तणनाशक ही वाहतूक अडवतं, हे वेसेल्स आणि व्हॅन डर वीन यांनी १९५६ मध्ये दाखवलं. कसं, ते १९८१ मध्ये वेल्थाईसने सांगितलं: हमालाच्या खाचेत औषधच जाऊन बसतं. ओझं उचलत नाही आणि जागाही सोडत नाही. ॲट्राझिन, डायुरॉन, मेट्रिब्युझिन सगळ्यांचा डोळा त्याच खाचेवर.

तण उपासमारीने मरत असेल, असं मला बरीच वर्षं वाटे. त्याला मारतं ते ऊन. वाट तुंबली तरी हरितद्रव्य ऊन पीतच राहतं. त्या अडकलेल्या ऊर्जेतून जहाल ऑक्सिजन तयार होतो आणि पान आतून करपतं.

टोमॅटो तगतो, कारण तो या औषधाला साखर जोडून ते निकामी करतो. एका आषाढात चार दिवस आभाळ हटलं नव्हतं. जराशी उघडीप दिसली आणि आम्ही पंप उचलला. आठवडाभरात खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. भेसळ म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. ढगाळ हवेत रोपाची ती साखर जोडायची ताकदच मंदावते, हे फार उशिरा वाचनात आलं. शिव्या परत घ्यायला गेलो नाही, हेही खरं.

तणंही गप्प बसली नाहीत. ॲट्राझिनला दाद न देणारं तण १९७० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून नोंदलं गेलं. १९८३ मध्ये हिर्शबर्ग आणि मॅकिंटॉश यांनी आपल्या माठ-राजगिऱ्याच्या एका हट्टी भाऊबंदाचा डी-१ तपासला. प्रथिनाच्या अमिनो आम्लांच्या माळेत २६४व्या जागी सेरिनऐवजी ग्लायसिन! माळेतला एक मणी बदलला आणि ॲट्राझिनची पकड सुटली. पण त्याच मण्यापायी इलेक्ट्रॉनची ने-आणही मंदावते; औषध नसलेल्या रानात असं तण बहुधा मागे पडतं.

लव्हाळ्याला एवढी उठाठेव करावीच लागली नाही. मेट्रिब्युझिनला तो मुळातच फारसा जुमानत नाही, वर गाठी जमिनीत खोल. परवा टोमॅटोच्या सरीत दोघीजणी त्याच्याच मागे खुरपं घेऊन बसल्या होत्या.