घटस्फोटाचा दावा: वकील शोधण्याआधी गाव ठरवा

मुलगी चार दिवसांसाठी म्हणून माहेरी येते. चाराचे पंधरा होतात, पंधराचा महिना होतो, आणि एक दिवस पोस्टमन स्पीड पोस्टाचे जाड पाकीट घेऊन दारात उभा राहतो. पाकिटावर शिक्का असतो रायपूरच्या कुटुंब न्यायालयाचा. घरात रडारड सुरू होते. मामा म्हणतात, ‘पाकीट घेऊच नका, परत पाठवा.’ काकू म्हणतात, ‘आपला तो ओळखीचा वकील आहे ना, जमिनीचा दावा जिंकून देणारा, त्याच्याकडे जा.’ दोन्ही सल्ले आपुलकीचे असतात, पण दोन्ही महागात पडू शकतात.

नागपूर आणि रायपूर यांचे नाते भोसल्यांच्या राजवटीपासूनचे. रायपूरचा तात्यापारा, चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ आणि मराठी घरांतून ऐकू येणारी छत्तीसगढी वळणाची मराठी हे सारे त्याचेच पडसाद. आता मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्या नवा रायपूरला गेल्या आहेत. २०१८ मध्ये या शहराला अटल नगर असे नाव दिले गेले, आणि आता त्याचे अधिकृत नाव नवा रायपूर अटल नगर. तिथल्या नोकरदार मुलांना विदर्भातून स्थळे सांगून येतात, लग्ने नागपूर-अमरावतीला लागतात आणि संसार नवा रायपूरच्या सेक्टरमधील फ्लॅटमध्ये थाटला जातो. तो मोडायची वेळ आली की मग प्रश्न पडतो, दावा चालवायचा कुठे?

पाकीट नाकारू नये

आधी त्या पाकिटाविषयी. समन्स घ्यायला नकार दिला तर न्यायालय ते बजावले गेले असेच धरते. तारखेला कोणी हजर झाले नाही की दावा एकतर्फी चालतो आणि नवऱ्याला घटस्फोटाचा हुकूमनामा मिळूनही जातो. असा हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याची मुदत साधारण तीस दिवसांची आणि गैरहजेरीचे पटण्यासारखे कारण द्यावे लागते. ‘आम्ही पाकीटच घेतले नव्हते’ हे ते कारण नव्हे. तेव्हा पाकीट घ्यावे, मिळाल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात वकील गाठावा.

कुठल्या गावचा वकील?

हिंदू विवाह कायद्यानुसार दावा चार ठिकाणी दाखल करता येतो: लग्न जिथे लागले तिथे, प्रतिवादी जिथे राहतो तिथे, पती-पत्नी शेवटी एकत्र राहिले तिथे, आणि पत्नी स्वतः दावा करणार असेल तर ती सध्या राहते तिथे. ही शेवटची सोय २००३ च्या दुरुस्तीने मिळाली, आणि माहेरी परतलेल्या मुलीसाठी ती फार मोलाची आहे. रायपूरला नांदलेली मुलगी नागपूरच्या कुटुंब न्यायालयात दावा करू शकते. नागपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. दर तारखेला कडेवर मूल घेऊन तो प्रवास करायचा की नाही, हे पुष्कळदा या एका निर्णयावर ठरते.

नवऱ्याने आधीच रायपूरला दावा लावला असेल तर? तो नागपूरला वर्ग करून मागता येतो. मात्र ही दोन वेगळी राज्ये आहेत, त्यामुळे उच्च न्यायालय हे काम करू शकत नाही. त्यासाठी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तिथे पत्नीची अडचण, लहान मूल, प्रवासाचा त्रास या गोष्टींना वजन दिले जाते, पण अर्ज मंजूर होईलच अशी खात्री कोणी देऊ नये. म्हणून दावा रायपूरला चालणार असेल तर वकील रायपूरचाच हवा. नवा रायपूरला राहणाऱ्यांनाही वीसेक किलोमीटरवरच्या जुन्या शहरातच यावे लागते. पुढे अपील झाले तर ते बिलासपूरच्या उच्च न्यायालयात जाते.

भाषेची अडचण इथेच सुरू होते. रायपूरचे कामकाज हिंदीत चालते, आणि तीही कचेरीची हिंदी. घरात हिंदी मालिका पाहणाऱ्या मुलीलाही ‘याचिकाकर्ता’ आणि ‘अनावेदिका’ यांत आपण कोण, हे चटकन कळत नाही. मराठीतील पत्रे, लग्नातल्या देण्याघेण्याच्या याद्या यांचे भाषांतर करून द्यावे लागते. प्रत्येक अर्ज सही करण्यापूर्वी वकिलाकडून ओळ न ओळ समजावून घ्यावा. ‘मी पोटगी व स्त्रीधन यांवरील सर्व हक्क सोडत आहे’ असे एखादे वाक्य शेवटच्या पानावर बसलेले असू शकते.

वकील कसा पारखावा?

जमिनीच्या दाव्यात तरबेज असलेला वकील वाईट असतो असे नाही, पण कुटुंब न्यायालयाची रीत वेगळी आहे. १९८४ च्या कायद्याने या न्यायालयावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे बंधन घातले आहे. तिथे वकील देणे हा पक्षकाराचा हक्कही नाही, ती न्यायालयाच्या परवानगीची बाब आहे. प्रत्यक्षात परवानगी सहसा मिळते. पण समुपदेशकासमोर नवरा-बायकोलाच बोलावे लागते, आणि त्यासाठी पक्षकाराला तयार करणारा, उगाच भडकवून न देणारा वकील इथे हवा.

पहिल्या भेटीत त्याला सरळ विचारावे: कुटुंब न्यायालयात तुम्ही नियमित जाता का? तारखेला स्वतः उभे राहणार की कनिष्ठ सहकारी? फी टप्प्याटप्प्याने घेणार की एकरकमी, आणि पावती मिळेल का? पोटगीच्या रकमेत टक्केवारी मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केली आहे. जाहिरातबाजीलाही मनाई आहे. इंटरनेटवर ‘पहिल्या क्रमांकाचा घटस्फोट वकील’ म्हणून झळकणारी नावे पाहून भुलू नये. वकिलांची सेवा विकणाऱ्या अशा संकेतस्थळांवर कारवाई करण्यास मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैत बार कौन्सिलला सांगितले होते.

‘सहा महिन्यांत मोकळी करतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे होणार नाही, ते होईल’ असे सांगणारा वकील कधीही बरा. त्याच्यापासून मात्र काही लपवू नये. त्याला सांगितलेले कायद्याने गोपनीय राहते. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पत्नीचे वागणे क्रूरतेचे मानले, तरी नवऱ्याला न्यायिक विभक्तता नाकारली, कारण त्या वागण्यानंतरही दोघांचे पती-पत्नी म्हणून संबंध चालू राहिले होते. म्हणजे नवऱ्याने ते माफ केले असे धरले गेले. मधल्या काळात झालेला समेट, एकत्र केलेली सहल, सणाला झालेले येणेजाणे हे सगळे वकिलाला आधीच माहीत असावे. ते समोरच्या वकिलाच्या तोंडून कळले की पंचाईत होते.

पैसे नसले तरी अडून राहायचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. नेमलेला वकील पटला नाही तर बदलता येतो. फी राहिली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे.

विचारले जाणारे प्रश्न

‘स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली, आता लग्न मोडले ना?’ नाही. काही जातींत काडीमोडाची रूढी आहे आणि कायदा ती मानतो, पण रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. छत्तीसगडमध्ये चुडी घालून दुसरा घरोबा करण्याची चाल काही समाजांत आहे. ती सर्वांना लागू नाही. अनुसूचित जमातींना तर हिंदू विवाह कायदाच सरसकट लागू होत नाही. पती किंवा पत्नी आदिवासी असेल तर लग्न कोणत्या कायद्याखाली झाले, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.

‘दोन वर्षे वेगळे राहिलो, आपोआप सुटका होते का?’ तेही नाही. दोन वर्षांचा परित्याग हे फक्त दाव्याचे कारण होऊ शकते. दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळे राहिल्यावर एकत्र अर्ज करता येतो. त्यानंतर सहा महिने थांबावे लागते. ही मुदत न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, असा निकाल २०१७ साली झाला. ‘संसारात काही उरलेच नाही’ या एवढ्याच कारणावर मात्र कुटुंब न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या निकालात स्वतःपुरता मान्य केला आहे.

पोटगीबाबत गैरसमज फार. दावा चालू असतानाच अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो, आणि शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असे कायदा सांगतो. २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मिळकत आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. फौजदारी संहितेचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. कमाई नसलेला नवराही हिंदू विवाह कायद्याखाली पोटगी मागू शकतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते.

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहतो. त्यापुढे न्यायालय मुलाचे हित पाहते. माहेरून आणि सासरहून अंगावर घातलेले दागिने हे स्त्रीधन, ते पत्नीचेच. पण त्यांची यादी, सोनाराच्या पावत्या, लग्नातले फोटो हाताशी असले तरच वकील काही करू शकतो.

हुकूमनामा हाती आला की लगेच दुसरे लग्न ठरवू नये. अपिलाची मुदत संपू द्यावी, आणि अपील झालेच तर त्याचा निकाल लागू द्यावा. प्रमाणित प्रती मात्र त्याच वेळी दोन-तीन जास्त काढून घ्याव्यात. पासपोर्ट, बँक, मुलांची शाळा अशा ठिकाणी त्या लागतात आणि प्रत्येक वेळी रायपूरची गाडी पकडणे होत नाही.