बोगद्याच्या भिंतींची अग्निहानी : विनाविध्वंस परीक्षणाचा आधार

कोहमारा येथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मालमोटारींची वर्दळ नित्याची आहे. उघड्या रस्त्यावर मालमोटार पेटल्यास बरीचशी उष्णता वातावरणात विरून जाते. बोगद्यात ती भिंतींत व छतात मुरते. २४ मार्च १९९९ रोजी माँ ब्लाँ बोगद्यात मार्गारीन व पीठ वाहून नेणारी मालमोटार पेटली. ३९ जणांचा मृत्यू झाला आणि वाहतूक पुन्हा सुरू होण्यास २००२ साल उजाडले. समृद्धी महामार्गावरील इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा जून २०२५ मध्ये खुला झाल्यामुळे हा विषय आता परदेशापुरता राहिलेला नाही.

अस्तराचे काँक्रीट किती खोलीपर्यंत निकामी झाले, हा येथील कळीचा प्रश्न होय. कमी खरवडले तर छताचे तुकडे वाहनांवर कोसळण्याची भीती. जास्त खरवडले तर सुदृढ अस्तराचीच हानी. साधारणतः ३०० अंश सेल्सिअसपर्यंत काँक्रीट आपले बहुतांश बळ टिकवते. ५०० अंशांच्या पुढे ते निम्म्यावर येते. ३०० अंशांनंतर दिसणारी गुलाबी छटा खडीतील लोहसंयुगांवर अवलंबून असते. म्हणूनच सह्याद्रीतील काळ्या बेसॉल्टच्या खडीबाबत केवळ रंगावरून निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. रिबाऊंड हॅमर केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो.

अधिक उपयुक्त साधन म्हणजे श्राव्यातीत ध्वनिस्पंदांचा वेग. सुदृढ काँक्रीटमध्ये तो सेकंदाला ४ किलोमीटर वा अधिक असतो; ३ किलोमीटरखालील वेग संशयास्पद मानतात. इमारतीच्या खांबाला दोन्ही बाजूंनी उपकरण लावता येते. बोगद्याच्या अस्तरामागे मात्र डोंगर असतो. म्हणून प्रेषक एका जागी ठेवून ग्राहक त्याच पृष्ठभागावर टप्प्याटप्प्याने दूर नेतात. जवळच्या अंतरावर स्पंद जळलेल्या थरातूनच जातो. पुढे आतील सुदृढ थरातून वळसा घालून लवकर पोहोचतो. अंतर व वेळ यांच्या आलेखात त्या ठिकाणी वाकण दिसते. समजा, वाकण ४० सेंटिमीटरवर आले आणि वेग अनुक्रमे २ व ४ किलोमीटर असले, तर जळलेल्या थराची जाडी सुमारे ११.५ सेंटिमीटर येते.

मात्र तुलनेसाठी त्याच बोगद्याच्या न जळलेल्या भागातील वाचने हवीतच, आणि पडताळणीसाठी मोजके गाभानमुनेही कापावे लागतात. 'विनाविध्वंस' हा शब्द येथे थोडा सैलपणेच घ्यावा. अग्निशमनाच्या पाण्याने भिंत ओली असताना भेगांत पाणी भरून वेग फसवा वाढतो. त्यामुळे भिंत वाळल्यावरच मोजणी करावी, आणि काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. कारण उष्णतेने तयार झालेला चुना ओलावा शोषून फुगतो व थंड झालेले काँक्रीट आणखी कमजोर होऊ शकते.