बंबाची नळी किती दिवसांनी झाडावी?

शनिवार पेठेतील बरेच वाडे पडून तेथे इमारती झाल्या. तरी एखाद्या जुन्या मोरीत तांब्याचा बंब अजून दिसतो. आम्ही वाड्यात भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्याकडेही होता. पहाटे उठून ढलप्या आणि करवंट्या घालून तो पेटवायचा, हा आईचा रोजचा नेम.

एका हिवाळ्यात पाणी तापायला उशीर होऊ लागला. धूर वर न जाता मोरीतच कोंडू लागला. एके दिवशी आंघोळ करून आलेली आमची बहीण डोके धरून बसली आणि तिला उलटी झाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळा." दुसऱ्या दिवशी बंब गार असताना आम्ही नळीत काठी घातली, तर काजळीचा ढीग पडला. दृष्ट लागली होती ती काजळीची!

ओले लाकूड पुरते जळत नाही. त्याचा धूर नळीला चिकटतो आणि वाट अरुंद होते. मग कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू घरात साठतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे. असे झाल्यास माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे व दवाखाना गाठावा.

खेड्यांतून धुराड्याच्या निर्धूर चुली पोहोचाव्यात म्हणून सरकारने १९८३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ मध्ये बंद झाला. पुष्कळ चुली त्याआधीच मोडीत निघाल्या होत्या. धुराडे तुंबणे हे त्याचे एक कारण. चूल मिळाली, पण धुराडे झाडण्याची सवय लागली नाही.

अमेरिकेत धुराडे वर्षातून एकदा तरी तपासावे असा दंडक आहे. आपल्याकडे बंब आणि चूल रोज पेटते, म्हणून वर्षाची वाट पाहू नये. आमच्या घरचा नेम असा: राख रोज काढावी, बंबाची नळी आठवड्यातून एकदा झाडावी, चुलीचे धुराडे महिन्यातून एकदा. लाकूड ओले असेल तर पंधरा दिवसांनी. दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा थर दिसला, की वार न पाहता झाडावे. जाड थर पेटही घेतो.

बंब पूर्ण गार होऊ द्यावा. काठीला गोणपाटाचा बोळा घट्ट बांधून नळीत वरखाली फिरवावा. नाकातोंडावर फडके बांधावे, खाली कागद अंथरावा. पेटवण्यापूर्वी बंबात पाणी आहे ना हे पाहावे, नाहीतर डाग सुटतात. आंघोळ करताना मोरीची खिडकी उघडी ठेवावी.

आणखी एक. धूर सोसते घरातली बाई, म्हणून काजळीही तिनेच काढावी असे नाही. रविवारी सकाळी अर्धा तास लागतो. बंधूंनो, ती काठी आपण हातात घ्यावी.