पाटाच्या पाण्याचे माहेर : अकोल्याची डोंगरवाट



प्रवरा खोऱ्यातल्या कोणत्याही गट ऑफिसात जाऊन बसा, बारा महिने एक प्रश्न ऐकू येतो. "काय हो, आवर्तन कधी सुटणार?" पाटाला पाणी आले की चारीवर गर्दी होते, पाळीवरून बोलाचाली होतात, आणि पाणी बंद झाले की पुन्हा तोच प्रश्न. परंतु हे पाणी येते कोठून, ते पडते कोणाच्या अंगणात, ते आपल्यापर्यंत पोचावे म्हणून कोणी काय सोसले, हे प्रत्यक्ष पाहून आलेले सभासद किती निघतील? पंढरपूर, शिर्डी, तुळजापूर आपण करतो. घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असलेले आपल्या पाण्याचे माहेर मात्र पाहायचे राहून जाते. ते कसे पाहावे आणि तिथे काय समजून घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

अकोले : डोंगराच्या दारातले गाव

संगमनेरहून पश्चिमेला निघाले की प्रवरेच्या काठाने रस्ता अकोल्याला जातो. (हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले अकोले. विदर्भातल्या अकोल्याशी गल्लत नको.) गाव तालुक्याचे, पण तोंडवळा शेतकऱ्याचा. बी-बियाणाची दुकाने, कांद्या-टोमॅटोच्या गाड्या, हंगामात उसाच्या बैलगाड्या. अगस्ती ऋषींचा आश्रम नदीकाठी आहे, सिद्धेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे. सहकाराचे लोण इथेही पोचले आणि अगस्ती सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणजे इथपर्यंतचा माणूस आपल्यासारखाच, ऊस-कांद्याचा.

फरक पुढे दिसू लागतो. अकोल्याहून राजूरची वाट धरली की शेते लहान होतात, उतार वाढतो, उसाच्या जागी भाताची खाचरे दिसू लागतात. राजूर पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे, ते घ्यावेतच. पण शेतकऱ्याने तिथे खरे पाहायचे ते डांगी जनावर. तेलकट कातडीचे, मजबूत खुरांचे हे बैल चार महिने मुसळधार पावसात आणि चिखलात काम करतात. आपल्या खिलार बैलाला ते मानवणार नाही. राजूरला या जातीच्या जनावरांचे प्रदर्शन भरते. त्या सुमारास जाणे जमले तर सोडू नये.

भंडारदरा : आपल्या उसाची आई

राजूरच्या पुढे शेंडी गाव आणि तिथेच भंडारदऱ्याचे धरण. सन १९१० मध्ये काम सुरू झाले आणि १९२६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले, म्हणून नाव विल्सन बंधारा. उंची २७० फूट. दगड-चुन्याचे हे बांधकाम त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांपैकी होते. साठा ११ टी.एम.सी.च्या थोडा वर. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन मोठी गळती सुरू झाली होती. तेव्हा भिंतीला मागून भक्कम टेकू देऊन धरण सावरले. ते टेकू आजही खालच्या अंगाने पाहता येतात.

इथून सुटलेले पाणी नदीपात्रातून संगमनेर तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथून डावा व उजवा असे दोन कालवे निघतात. हे कालवे आले आणि श्रीरामपूर-राहुरीकडची माळराने बागायती झाली. पाण्यामागे ऊस आला, उसामागे हरेगावसारख्या ठिकाणी खासगी कारखाने आले. पाणी सरकारचे, राबणारा शेतकरी आणि नफा कंपनीचा, हे कोडे सोडवण्यासाठी पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढला. १९५० साली तो सुरू झाला आणि सहकारी साखर कारखानदारीची वाट सगळ्या महाराष्ट्राला दिसली. या साखळीची पहिली कडी लोणीत नाही, ती शेंडीच्या त्या भिंतीत आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

धरणाच्याही वर

बहुतेक मंडळी धरण पाहून, फोटो काढून परत फिरतात. तसे करू नये. जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीला जावे. तिथे अमृतेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे आणि डोक्यावर रतनगड. याच रतनगडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. एका बाजूला कळसूबाई, १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. दक्षिणेला हरिश्चंद्रगड, आणि त्या बाजूच्या डोंगरात मुळा नदीचा जन्म. म्हणजे प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्या अकोले तालुक्याच्याच लेकी.

पुढे घाटघर. पलीकडे कोकणचा कडा सरळ तुटलेला. पश्चिमेचे ढग या कड्याला येऊन धडकतात आणि रिते होतात. घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आपल्याकडे श्रीरामपूर-राहुरीच्या पट्ट्यात जेमतेम पाचशे. म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापट फरक! ढग इथे मोकळे होतात म्हणूनच आपल्या वाट्याला कोरडे येतात. आपण अवर्षणग्रस्त का, याचे उत्तर पुस्तकात वाचण्यापेक्षा त्या कड्यावर उभे राहून लवकर कळते.

तिथला शेतकरी कसा जगतो?

या भागात बहुसंख्य वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. माणसे काटक, बोलायला मोजकी, पाहुण्याला मान देणारी.

शेती पावसावर. उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून राब भाजायचा, त्यावर भाताचे रोप टाकायचे, आषाढात आवणी. काळभात, जिरवेल असे जुने सुवासिक वाण अजून काही घरांनी जपले आहेत. उतारावर नागली आणि वरई. जंगलातला हिरडा गोळा करून चार पैसे होतात. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी जपून बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण दर हंगामाला बियाण्याची पिशवी विकत आणतो. त्यांच्याकडे हजार रुपयांचे बियाणे एका गाडग्यात राखेत जपलेले असते. शिकण्यासारखे आहे.

भात निघाला की काम संपले. मग बरीच घरे मुले-माणसे घेऊन खाली उतरतात, नारायणगाव-संगमनेरकडे भाजीपाल्याच्या आणि द्राक्षाच्या मळ्यांत मजुरीला. ज्यांच्या डोंगरावर पाच हजार मिलिमीटर पाऊस पडला ती माणसे आपल्या पाटाच्या पाण्यावर रोजंदारीने राबतात. हे चित्र नीट ध्यानात घ्या.

एकदा आषाढात, एकदा चैत्रात

आता मुद्द्याचे. अकोल्याच्या डोंगरात दोनदा जावे. पावसाळ्यात गेलात तर धबधबे, हिरवेगार डोंगर, धुके. कोणीही म्हणेल, "वा, काय भाग्यवान माणसं!" पण तोच माणूस चैत्र-वैशाखात गेला तर काय दिसेल? उघडा काळा कातळ, आटलेले झरे आणि डोक्यावर हंडे घेऊन पायवाटेने चढणाऱ्या बायका. खाली धरणाचे पाणी नजरेला दिसते, वरच्या वाडीत प्यायला नाही.

असे का होते? डोंगराचा उतार तीव्र, माती पातळ, खाली अखंड काळा दगड. पडलेले पाणी मुरत नाही, तासाभरात ओढ्याला लागते आणि धरणात जाते. धरण खाली, वाडी वर. पाणी आपोआप वर चढत नाही. चढवायचे ठरवले तर मात्र चढते. घाटघरलाच २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प २००८ साली सुरू झाला. तिथे वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. विजेसाठी पाणी कडा चढते, तर वाडीच्या हंड्यासाठी का चढू नये, असा प्रश्न तिथल्या माणसाने विचारला तर आपण काय उत्तर देणार?

धरणात जमिनी गेल्या त्याही डोंगरातल्याच माणसांच्या. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे धरण झाले. १९७० साली मंजूर झालेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ साली झाले. पन्नास वर्षे लाभक्षेत्रातला दुष्काळी शेतकरी वाट पाहत होता आणि बुडीत क्षेत्रातला शेतकरी पुनर्वसनासाठी भांडत होता.

एका एकराचा हिशेब

भावनेचे राहू द्या, आता हिशेब मांडू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. सुरू उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर धरा. आपल्या पावसाचे पाचशे वजा केले तरी दीड हजार मिलिमीटर बाहेरून द्यावे लागते. म्हणजे एकरी साठ लाख लिटर! दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर एका एकराला सहाशे टँकर. आडसालीला याहून जास्त.

एक टी.एम.सी. म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. वाटेत थेंबही मुरला-उडाला नाही असे मानले तरी त्यात साडेचार हजार एकर ऊस होतो. भंडारदऱ्याचे सगळे अकरा टी.एम.सी. दिले तर पन्नास हजार एकर. त्यातच पिण्याचे पाणी, त्यातच इतर पिके आणि नदी-कालव्यातली गळती. आता सांगा, मोकाट पाणी देऊन रात्रभर सरी तुडुंब भरण्याची चैन कोणाच्या जिवावर?

ठिबकवर ऊस घेणाऱ्यांचा अनुभव तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी वाचल्याचा आहे. तिसरा हिस्सा धरला तरी एकरी दोनशे टँकर. पाचट न जाळता सरीत आच्छादन केले तर ओल टिकते, पाळी लांबवता येते, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

पाणी कोणाचे?

खालच्या जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली, जशी २०१८ व २०२३ साली आली, की आपल्याकडे मोर्चे निघतात. "आमच्या खोऱ्यातलं पाणी, आधी आमचा हक्क," असे आपण म्हणतो. समन्यायी वाटपाचे तत्त्व मात्र २००५ च्या कायद्यात आले आहे. आपले म्हणणे जरूर मांडावे. पण उद्या घाटघर-रतनवाडीचा माणूस हेच वाक्य आपल्याला म्हणाला तर? खाली बघताना आपण वरचे असतो, आणि वर बघताना आपणही खालचेच. वरच्या वाड्यांना पिण्याला आणि एका रब्बी पिकापुरते पाणी मिळावे, ही मागणी खालच्या ऊस उत्पादकांनी पुढे होऊन केली तर तिला वजन येईल. शिवाय आपली बाजूही न्यायाची ठरेल.

जाताना ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१) गळीत हंगाम सुरू झाला की तोडीच्या धावपळीत सवड होत नाही. त्यामुळे एक फेरी श्रावण-भाद्रपदात आणि दुसरी हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात करावी.

२) शनिवार-रविवार टाळावा. मेअखेर काजवे पाहायला तोबा गर्दी होते. गाड्यांचे झगझगीत दिवे आणि गोंगाट यांनी त्या जिवांचा विणीचा काळ बिघडतो. गेलात तर दिवे बंद ठेवा, झाडाखाली तुडवातुडव करू नका. हा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, वनखात्याचे नियम पाळावेत.

३) जेवण गावातल्याच घरी सांगावे. नागलीची भाकरी, पिठलं, तांदूळ तिथलाच. पैसे वाडीत राहतात.

४) तांदूळ, नागली, मध घ्यायचे तर पिकवणाऱ्याकडून घ्यावे. घासाघीस करू नये. आपण उसाच्या भावासाठी आंदोलने करतो, त्यालाही त्याच्या मालाचा भाव हवा.

५) कोणाच्या पडवीत टेकलात आणि "मावशी, पाणी द्या जरा" म्हणालात, तर ते पाणी किती लांबून आणले हे विचारा. तांब्या अर्धा टाकून देऊ नका.

६) घरच्या मंडळींना आणि शाळकरी मुलांना सोबत न्यावे. उद्या पाळीचे पाणी तेच धरणार आहेत.

गटागटातून पंचवीस-तीस सभासद मिळून एक गाडी केली तर खर्च फार येत नाही. आपण ऊस-विकासाच्या सहली काढतो, दुसऱ्या कारखान्यांचे प्लॉट पाहतो. त्याच यादीत अकोल्याच्या डोंगराचे नाव घालावे. परत आल्यावर प्रत्येकाने किमान एक एकर ऊस ठिबकवर किंवा पाचटावर घ्यावा. सहलीचा भाडेखर्च त्या एकरातच वसूल होईल.