कापसाचं कापड होतं, मग पऱ्हाटीचं काय?

परभणी जिल्ह्यात वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून चुलीत जातात किंवा बांधावर जाळल्या जातात. शेतात तशाच ठेवल्या तर न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात परतते. म्हणून शेत मोकळं करावंच लागतं.

पण पऱ्हाटी लाकडासारखी असते. मुंबईतल्या 'सिरकॉट' या कापूस तंत्रज्ञान संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड बनवण्याचं तंत्र विकसित केलं आहे. पऱ्हाटीचा चुरा करून तो वाळवतात, चिकटद्रव्य मिसळतात आणि उष्णता देऊन दाबतात. कपाटं, दारांसाठी फळ्या तयार!

अडचण वाहतुकीची. हेक्टरी सुमारे २ ते ३ टन निघणारी पऱ्हाटी हलकी, पण ट्रॉली लगेच भरते. गावातच कुट्टी केली तर भाडं वाचतं आणि अळीचा आसराही मोडतो.